कृपा झाली, मग फेड कशाला?

॥ रामकृष्ण हरि ॥

सांप्रदायिक मंडळींत ख्रिस्ती धर्माची गोष्ट निघाली म्हणजे एक वाक्य हटकून ऐकू येते. कोणी तरी म्हणतो, "त्यांचं बरं आहे बुवा! पापं करायची, येशूच्या नावावर टाकायची, की झाले मोकळे." ऐकणारे हसतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु हेच वाक्य नाव बदलून आपल्याविषयीही बोलले जाते, याचा आपल्याला विसर पडतो. गावातला एखादा टवाळ माळकऱ्याकडे बोट दाखवून म्हणतोच की, "वर्षभर लोकांना बुडवायचं आणि आषाढीला चंद्रभागेत आपण बुडी मारायची, की झाला शुद्ध!" दोन्ही टोमणे एकाच जातीचे आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच खरा प्रश्न आहे. देव पतिताला कृपेने उद्धरतो, हे जर सत्य असेल, तर त्या पतिताने ज्याचे वाईट केले त्याचे काय? देवाने क्षमा केली म्हणजे शेजाऱ्याचे देणे फिटले काय?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षे घोळला आहे. त्यावर त्यांच्यात वाद झाले, सभा भरल्या, पंथ फुटले. त्यांनी काय विचार केला हे समजून घेतले, तर आपल्या घरचा विचार आपल्याला अधिक स्वच्छ दिसेल, असे आम्हांस वाटते. दुसऱ्याच्या देवघरात डोकावताना पायातले जोडे बाहेर काढून ठेवावे, एवढे पथ्य आम्ही पाळणार आहोत.

प्रथम शब्द पाहू. मराठी ख्रिस्ती मंडळी मोक्षाला 'तारण' म्हणतात आणि येशूला 'तारणारा'. तारण शब्दाला आपल्या भाषेत दोन पदर आहेत. एक नदी तरून जाण्याचा, आणि दुसरा सावकाराकडे गहाण ठेवलेल्या वस्तूचा. गंमत अशी, की त्यांच्या मूळ कल्पनेतही देण्याघेण्याचा हा पदर आहे. ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण उद्धार असे करू, त्याचा व्यवहारातला अर्थ होता खंडणी भरून गुलाम किंवा कैदी सोडवून आणणे. पूर्वी बाजारात माणसे विकली जात. एखाद्याने मोल मोजून गुलामाच्या बेड्या काढल्या, तर तो 'सोडवून घेतलेला' माणूस झाला. मनुष्य पापाच्या हाती असा विकला गेला आहे, आणि येशूने आपला प्राण मोल म्हणून देऊन त्याला सोडवले, असे त्यांचे म्हणणे. ज्या प्रेमापोटी त्याने हे केले, आणि जे प्रेम माणसाच्या कोणत्याही लायकीने मिळत नाही, त्याला ते कृपा म्हणतात.

हा विचार मराठीत आजचा नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठी भाषा आपलीशी केली आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी छंद निवडला तो ओवीचा. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर येशूची भक्ती अभंगांतून आणि कीर्तनांतून गाइली. तुकोबांवरचे त्यांचे प्रेम ख्रिस्ती झाल्यावरही आटले नाही. तेव्हा कृपेची ही गोष्ट आपल्या भाषेत चारशे वर्षे नांदते आहे. तिला परकी म्हणून दारातून परतवण्याचे कारण नाही.

आता मुख्य विचाराकडे येऊ. यहूदी प्रांतावर रोमी सत्तेचा सुभेदार पंतय पिलात असताना येशूला वधस्तंभावर खिळे ठोकून मारण्यात आले. या मरणाने जगाचे पाप कसे फिटले? याचे उत्तर ख्रिस्ती आचार्यांनी एकच दिले नाही. पहिल्या काही शतकांत पुष्कळजण म्हणत की मनुष्य सैतानाच्या कैदेत होता, त्याची खंडणी भरली गेली. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांना हे पटले नाही. देव सैतानाचे देणे कसे लागेल? त्यांनी १०९८ साली पुरा केलेल्या ग्रंथात असे मांडले, की पापाने देवाचा मान भंगतो. ते ऋण माणसाचे आहे, पण फेडण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. ऐपत देवापाशी आहे, पण ऋण त्याचे नाही. म्हणून जो देवही आहे आणि मनुष्यही आहे, त्यानेच ते फेडले. पुढच्याच पिढीतले पॅरिसचे पंडित आबेलार म्हणाले, हिशेब राहू द्या; एवढे प्रेम पाहून माणसाचे दगडाचे काळीज फुटते आणि तो वळतो, हाच उद्धार.

वारकऱ्याला हा विचार ऐकून दामाजीपंतांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. मंगळवेढ्यास दुष्काळात लोक अन्नान्न करीत होते, तेव्हा पंतांनी बादशहाची कोठारे उघडली. बेदराहून पकडण्यास माणसे आली. आणि विठू महाराच्या वेषाने पांडुरंग बेदरच्या दरबारात जाऊन दाण्याचे मोल मोजून आला, पावती घेऊन आला. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. देवाच्या मनात असते तर त्याने बादशहाच्या वहीतली नोंदच पुसली असती. तसे त्याने केले नाही. देणे होते, ते त्याने भरले. आणि भरताना स्वतः काठी-घोंगडी घेऊन हीन मानलेल्या माणसाच्या रूपाने जोहार घातला. कृपा म्हणजे हिशेबावर बोळा फिरवणे नव्हे. दुसऱ्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेणे होय. ख्रिस्ती माणूस आपल्या येशूविषयी जे सांगतो, त्याचा गाभा यापेक्षा फार निराळा नाही.

भेद आहेत, ते झाकून ठेवणे बरे नव्हे. ख्रिस्ती मताने देव मनुष्यरूपाने एकदाच आला आणि ते मोल एकदाच दिले गेले. आपला देव युगानुयुगे येतो, भक्ताच्या हाकेसरशी येतो. ते एकच जन्म मानतात. आपण कर्माची साखळी जन्मोजन्मीची मानतो. दामाजीपंत दयेपोटी दोषी झाले होते. ख्रिस्ती विचारात सोडवला जाणारा माणूस खरोखरीचा अपराधी आहे. हे सर्व खरे. परंतु ज्या प्रश्नासाठी आम्ही लेखणी उचलली, तो या भेदांच्या अलीकडचा आहे.

तो प्रश्न येशूच्याच दृष्टांतात डोके वर काढतो. एका बापाचे दोन मुलगे. धाकट्याने आपला वाटा मागून घेतला, परमुलखात उधळला आणि डुकरे राखण्याची पाळी आली तेव्हा घराची वाट धरली. बापाने त्याला दुरूनच पाहिले, धावत जाऊन गळ्याशी धरले आणि घरात मेजवानी मांडली. थोरला शेतातून आला, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून अंगणातच थांबला, आणि आत येईना. इतकी वर्षे मी राबलो, मला कधी साधे करडू मिळाले नाही, आणि या उधळ्यासाठी पोसलेले वासरू! येशूने ही गोष्ट सांगितली ती अशा धर्मनिष्ठ लोकांपुढे, जे त्याच्याभोवती जमणाऱ्या पापी लोकांना पाहून कुरकुरत होते. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही. ते ऐकणाऱ्यावर सोपवले आहे.

आपण या गोष्टीत कोठे उभे आहोत? आम्हांस वाटते, तीस-तीस वर्षे पायी वारी करणारे आपण बहुतेकजण त्या अंगणातच उभे असतो. काल माळ घातलेला एखादा जुना दारुडा कीर्तनात पुढे बसलेला दिसला, की आपल्या कपाळाला आठी पडते. कृपा आपल्यावर झाली तर ती आपल्याला वारीची मजुरी वाटते, आणि दुसऱ्यावर झाली तर अन्याय वाटतो.

कृपा मजुरी आहे की दान, याच वादाने ख्रिस्ती जगाला दोनदा मुळापासून हलवले. पहिला वाद चौथ्या-पाचव्या शतकातला. आफ्रिकेतील तागास्ते गावचा ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी भोगात रमलेला. सत्य कळत होते, पण वळत नव्हते. ३८६ साली मिलान शहरी एका बागेत त्याचे मन वळले आणि पुढल्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. आपल्या अनुभवावरून तो म्हणू लागला, की माणसाची इच्छाच पांगळी आहे. देवाने आधी उचलल्याशिवाय तो एक पाऊलही टाकू शकत नाही. ब्रिटनकडून आलेला पेलागियस नावाचा तपस्वी हे ऐकून बिथरला. असे शिकवले तर लोक आळशी होतील, असे त्याचे म्हणणे. देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची शक्तीही दिलीच आहे. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत अमान्य केले. तरी त्याची भीती अगदीच खोटी होती, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे रामानुजाचार्यांच्या पुढच्या परंपरेत हाच वाद माकडीच्या आणि मांजरीच्या पिलावरून झाला. माकडीचे पिलू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथाने पहिले म्हटले, तेनकलै पंथाने दुसरे. म्हणजे हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. जेथे जेथे भक्ती आहे, तेथे तेथे तो उभा राहतो.

दुसरा वाद जर्मनीतला. रोममधील सेंट पीटरच्या मंदिराची उभारणी चालू होती, मेंझच्या आर्चबिशपांचे कर्ज डोक्यावर होते, आणि योहान टेट्झेल नावाचा साधू गावोगाव पापदंडमाफीची पत्रे पैसे घेऊन देत फिरत होता. मूळ शिकवणीप्रमाणे त्या पत्राने पाप पुसले जात नसे, त्याचा राहिलेला दंड तेवढा माफ होई. आणि खरा पश्चात्ताप असेल तरच. पण बाजारात बारकावे कोण ऐकतो? लोकांना एवढेच कळले, की पैसा टाकला की सुटका. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी याविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे पुढे मांडले. कृपा विकत मिळत नाही, कर्मानेही मिळत नाही, ती केवळ श्रद्धेने घ्यावयाची असते, असा त्यांचा सिद्धान्त पुढे झाला. रोमच्या पक्षाने ट्रेंट येथील धर्मसभेत १५४७ साली उत्तर दिले, की आरंभ कृपेचाच, पण माणसाने तिला हात दिला पाहिजे आणि सत्कर्मांत ती वाढली पाहिजे. या भांडणातून देश फुटले, लढाया झाल्या. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे दोन्ही पक्षांनी एका निवेदनावर सह्या केल्या. त्याचा सारांश असा, की माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, कृपेनेच स्वीकारला जातो. आणि तीच कृपा त्याला सत्कर्माकडे लावते. एवढे एकमुखाने म्हणायला पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागला.

येथवर तत्त्व झाले. आता एका माणसाचे उदाहरण घेऊ, कारण तत्त्वाची कस माणसावरच लागते.

जॉन न्यूटन हा १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. लहानपणी आई गेली. पोरगा बापामागे दर्यावर्दी झाला, शिवराळ झाला, देवाची टिंगल करू लागला. गुलामांच्या व्यापारात पडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहिला, आणि तेथे त्याच्या मालकाच्या घरी त्याचेच हाल कुत्रा खाईना. १७४८ च्या मार्च महिन्यात तो परत निघाला असता जहाज वादळात सापडले, एक बाजू फुटली, रात्रभर पाणी उपसणे चालले. त्या वेळी त्याच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघाली. जहाज बुडता बुडता वाचले. तो दिवस न्यूटन जन्मभर आपला पुनर्जन्म म्हणून पाळीत असे.

पुढे काय झाले? आपण म्हणू, त्या दिवसापासून त्याने तो काळा धंदा सोडला असेल. तसे झाले नाही! १७५० ते १७५४ या काळात तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान होऊन तीन सफरी करून आला. रविवारी वरच्या तक्त्यावर खलाशांना जमवून तो प्रार्थना म्हणे, आणि त्याच तक्त्याखाली आफ्रिकेची माणसे, बाया, पोरे साखळदंडांत पडलेली असत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृती बिघडल्यामुळे. पुढे १७६४ साली तो ओल्नी गावी धर्मोपदेशक झाला. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्याने कृपेवर एक गीत रचले. 'अमेझिंग ग्रेस' या नावाने ते आज साऱ्या जगात गायिले जाते. गुलामांच्या वंशजांनीही ते आपल्या कंठात घेतले आहे. परंतु ते गीत रचले गेले तेव्हाही गुलामगिरीविरुद्ध न्यूटनने जाहीरपणे एक अक्षर उच्चारले नव्हते.

ते अक्षर आले १७८८ साली, म्हणजे समुद्र सोडल्यानंतर चौतीस वर्षांनी. त्याने एक पुस्तिका लिहून आपण काय पाहिले आणि आपल्या हातून काय झाले ते उघड सांगितले, आणि ही कबुली फार उशिरा येते आहे हेही मान्य केले. पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली. विल्बरफोर्स हा तरुण सभासद त्याच्याकडे सल्ल्यासाठी आला होता, त्याला राजकारणात राहूनच देवाचे काम करण्यास सांगितले. १८०७ च्या मार्चमध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

आता कोणी विचारील, या माणसावर कृपा झाली होती की नव्हती? झाली नव्हती म्हणावे, तर त्याचे पुढचे सारे आयुष्य खोटे ठरते. झाली होती म्हणावे, तर तक्त्याखालच्या माणसांचे काय? त्यांना कोणी विचारले? न्यूटनने स्वतः पुढे लिहिले, की त्या काळी आपण पुरे श्रद्धावंत झालोच नव्हतो. ते खरे असेल. पण आम्हांस यात एक भय दिसते, आणि ते सर्व भक्तांना लागू आहे. कृपेचा गोडवा इतका मोठा असतो, की त्या गोडव्यात माणूस आपल्या पायाखाली कोण चिरडले जात आहे ते पाहण्याचे विसरतो. वर भजन आणि खाली बेडी, असे होऊ शकते. भजन खोटे नसतानाही होऊ शकते.

ख्रिस्ती विचारवंतांना हे भय ठाऊक नव्हते असे नाही. येशूनेच सांगितले आहे, की वेदीपाशी नैवेद्य घेऊन आलास आणि तेथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे, तर नैवेद्य तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. जक्कय नावाच्या जकातदाराची कथा तर फार बोलकी आहे. यरीहो गावचा हा श्रीमंत मनुष्य बुटका होता म्हणून येशूला पाहायला झाडावर चढला. येशूने त्याला हाक मारून, आज मी तुझ्या घरी उतरणार, असे सांगितले. जक्कय उठून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. क्रम पाहण्यासारखा आहे. येशू आधी घरी आला, फेड नंतर झाली. फेड ही कृपेची किंमत नव्हती. कृपा घरात शिरल्याची खूण होती. आचार्य थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी शास्त्र सांगितले, की चोरलेले परत करणे मोक्षासाठी अवश्य आहे. ज्याचे घेतले तो सापडत नसेल तर त्याच्या नावे दानधर्म करावा. आणि आपल्या जवळच्या काळात डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने १९३७ साली स्वस्त केलेल्या कृपेवर कोरडे ओढले. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि आज्ञापालनाशिवाय समाधान वाटणारी मंडळी हिटलरच्या राज्यात सुखाने प्रार्थना करीत होती, हे तो पाहत होता. १९३९ साली अमेरिकेत सुरक्षित राहण्याची सोय असताना तो मायदेशी परतला, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला.

आपल्या घरचे शास्त्र याहून वेगळे सांगते काय? अजामिळाची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. मरणकाळी मुलाला हाक मारली, नारायणाचे नाव आले, विष्णुदूतांनी सोडवले. येथे टाळ्या पडतात. पण भागवतातली कथा येथे संपत नाही. सहाव्या स्कंधात पुढे सांगितले आहे, की अजामिळ उठला, आपल्या कृत्यांबद्दल ढसढसा शोक केला, घरदार सोडून गंगाद्वारी गेला, तेथे साधनेत राहिला, आणि मग त्याचा देह पडला. येथेही सुटका आधी आणि वळणे नंतर. आणि नामाचे जे दहा अपराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या जोरावर पाप करणे हा एक मोठा अपराध आहे. म्हणजे ज्या टोमण्याने आम्ही आरंभ केला, त्याला शास्त्राने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

पण सर्वांत स्वच्छ उत्तर आमच्या मते इंद्रायणीच्या डोहात आहे. महिपतीबोवांनी वर्णिलेले तुकोबांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. घरात सावकारीची खते होती; लोकांकडून येणे होते. तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. तेव्हा धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, माझा संसार आहे, माझा वाटा मला द्या. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा भाग त्यांच्या हाती दिला, आणि आपल्या वाट्याचा भाग डोहात सोडला.

या प्रसंगात कृपेचे सारे शास्त्र आहे. पहिली गोष्ट, क्षमा फुकट होत नाही. ऋणको मोकळा झाला, कारण तोटा धनकोने सोसला. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाविषयी हेच सांगतो. दुसरी गोष्ट, आपली खते आपण बुडवावी. दुसऱ्याची खते आपल्याला बुडवता येत नाहीत. तुकोबांएवढ्या विरक्तानेही कान्होबांचे एक खत पाण्यात टाकले नाही. देव आपले खत बुडवील, कारण ते त्याचे आहे. पण भावाला जे फसवले, सुनेला जे छळले, मजुराची जी मजुरी ठेवून घेतली, ती खते त्यांच्या हातात आहेत. ती बुडवायची की ठेवायची, हे त्यांनी ठरवायचे. "देवानं मला माफ केलं, आता तुझं काय राहिलं?" असे पीडिताला विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या पेटीतली खते चोरून नदीत टाकणे आहे. पीडिताने क्षमा केली तर ती त्याची थोरवी; आपण ती हक्काने मागू नये.

संप्रदायावरही असे एक जुने खत आहे. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाखाली गेले. त्यांची समाधी महाद्वारी आहे. त्यांचे अभंग आपण सहाशे वर्षे गाइले, आणि तितकीच वर्षे त्यांच्या जातीच्या माणसाला राउळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी प्राण पणाला लावून उपवास केला, तेव्हा ते दार उघडले. वर भजन आणि खाली बेडी, असे न्यूटनच्या जहाजाविषयी आम्ही म्हटले; ते म्हणताना आपले महाद्वार डोळ्यांपुढे आले पाहिजे. आणि दार उघडले एवढ्याने सगळे फिटले, असे म्हणणारा कान्होबांच्या वाट्याची खते मोजायला विसरला आहे. इंग्लंडानेही असेच केले. १८३३ साली वसाहतींतली गुलामगिरी मोडण्याचा कायदा झाला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, ती मालकांना! गुलामांना दमडी मिळाली नाही.

येथे एखादा प्रामाणिक साधक म्हणेल, "महाराज, माझ्या हातून झालेले सगळे मी फेडू म्हटले तरी फिटणार नाही. ज्यांचे घेतले ते वारले. बोललेला शब्द परत येत नाही." हे अगदी खरे. न्यूटनच्या जहाजांतून गेलेली माणसे कोणत्या बेटावर खपली, हे त्याला कोण सांगणार होते? आणि म्हणूनच कृपा हवी. फेडता येत नाही तेवढ्याचा भार देवाने घ्यावा, आणि फेडता येते तेवढे फेडण्याचे बळ त्याने द्यावे. ज्याला कृपेचा आधार नाही, तो आपले देणे पाहायलाच भितो. वही लपवून ठेवतो, नाही तर खोटी लिहितो. बाप मारणार नाही अशी खात्री असलेले पोरच फुटलेले मडके उचलून दाखवते. कृपा झाल्याने फेड टळत नाही. वही उघडण्याचे धैर्य येते. आणि फेड पुरी झाली नाही म्हणून कृपा परत जात नाही. थोरल्या भावाने हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, आणि धाकट्याने त्याच्या आधीचे.

आषाढीला निघण्यापूर्वी घरोघर पडशी भरली जाते. टाळ, पताका, हरिपाठाची पोथी, धडुते, शिधा सगळे आठवणीने घेतो. त्याच दिवशी एक काम आणखी करावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. बांध कोरून घेतलेला असेल तर मागे सरकवावा. उसने आणलेले असेल तर नेऊन द्यावे. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्या ओट्यावर जाऊन, "दादा, चुकलं माझं," एवढे म्हणावे. तो आत बोलवील किंवा बोलवणार नाही. तो त्याचा अधिकार. मग वाटेला लागावे. विटेवरचा तो अठ्ठावीस युगे उभा आहे. भावाच्या दारी जायला आपल्याला घटकाभर उशीर झाला, तर तो तेवढा वेळ खचित थांबेल.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥